ओटू सेन्सर गेलाय, की त्याची वायर?

देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून गाडीवाल्यांच्या गप्पांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात आणि दोन मिनिटांत निकाल लागतो: ‘ओटू सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ बिल काही हजारांचं. मालक इथेनॉलच्या नावाने बोटं मोडत पैसे भरतो. काही जणांचा दिवा तेवढ्यावर जातो. बाकीच्यांचा पंधरा दिवसांत परत हजर.

खरं तर सेन्सर गेलाय असं स्कॅनर म्हणालेलाच नसतो. ओटू, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी बिनसलंय, एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याच्या वायरी आल्या, कपलर (वायरी जोडणारा प्लग), फ्यूज, अर्थिंग आलं आणि दुसऱ्या टोकाला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कारभार बघणारा संगणक, तोही आला. यातला दोषी कोण हे शोधायला बऱ्याचदा साधा मल्टीमीटर आणि अर्धा तास पुरतो. पण तपासणीच्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं आणि नव्या पार्टचे मुकाट देतं. त्यामुळे मेकॅनिकला तरी किती दोष द्यायचा?

हा सेन्सर करतो तरी काय

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून कमी पडली तर मिश्रण ‘रिच’, जास्त झाली तर ‘लीन’. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएम ठरवतो, पण आत प्रत्यक्ष काय जळलं ते त्याला दिसत नाही. लग्नाच्या स्वयंपाकात आचारी चुलीपाशी असतो आणि आमटी चाखणारे बाहेर पंगतीत. ‘मीठ कमी आहे’ हा निरोप वाढप्याकडून आत गेला की आचारी मीठ वाढवतो. सेन्सर हा सायलेन्सरच्या पाइपात बसलेला चाखणारा आहे. आता निरोपात गडबड दिसली तर शक्यता तीन: चाखणाऱ्याच्या जिभेची चव गेलीय, वाढप्याने निरोप नीट पोचवला नाही, किंवा आमटी खरोखरच अळणी आहे. बिल मात्र बहुतेक वेळा पहिल्या शक्यतेवर फाडलं जातं.

सेन्सर दिसायला स्पार्क प्लगसारखा. आत झिर्कोनियाची, म्हणजे एका विशिष्ट सिरॅमिकची बोटाएवढी पोकळ टोपी असते आणि तिला प्लॅटिनमचा पातळ मुलामा असतो. टोपीच्या बाहेरून धूर जातो, आत साधी हवा असते. हा भाग ३०० अंशांच्या पुढे तापला की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो. धुरातला ऑक्सिजन जवळपास संपलेला असेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर ०.१ ते ०.२. मधली रेषा ०.४५ ची. इंजिन गरम झाल्यावर ईसीएम सतत थोडं इंधन वाढवतो, थोडं कमी करतो, आणि हा आकडा सारखा खाली-वर होत राहतो. तसा तो होत असेल तर समजावं, सेन्सर जिवंत आहे.

१९७६ साली बॉशचा हा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत बसला. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम तेव्हा फार कडक झाले होते. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायला हवी. या सेन्सरला पेट्रोल कळत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो. समजा एका सिलिंडरचा प्लग ठिणगी देत नाहीये. तिथलं पेट्रोल न जळता बाहेर जातं, मागे उभं राहिलं तर वाससुद्धा येतो. पण त्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सर ओरडतो, ‘लीन, लीन’, आणि ईसीएम आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या, गॅस्केटला बारीक भोक असलं तरी हेच होतं, कारण तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. दोन्ही वेळा सेन्सर खरं तेच सांगत असतो, आणि दोन्ही वेळा बदलला जातो तो सेन्सरच.

चार वायरी

जुन्या सेन्सरना एकच वायर असायची. धुरानेच तापायचं आणि मग कामाला लागायचं, असा कारभार. आता बहुतेक सेन्सरना चार वायरी असतात. त्यातल्या दोन सिग्नलच्या, एक आकडा नेणारी आणि एक तिचं अर्थिंग. उरलेल्या दोन हीटरच्या. गाडी सुरू झाल्यावर सेन्सर लवकर तापावा आणि चौकातल्या सिग्नलला उभं असताना थंड पडू नये म्हणून आत एक छोटा हीटर असतो. सहसा त्याला फ्यूजमधून थेट १२ व्होल्ट मिळतात आणि अर्थची बाजू ईसीएम चालू-बंद करतो.

बॉशच्या नेहमीच्या सेन्सरला दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि राखाडी सिग्नलच्या अर्थची असते. डेन्सोच्या सेन्सरला सहसा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. बॉशची काळी सिग्नलची, डेन्सोची काळी हीटरची! रंगावरून अंदाज बांधून प्रोब लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. शिवाय हे रंग सेन्सरच्या बाजूचे. कपलरच्या पलीकडे, ईसीएमकडे जाणाऱ्या वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, आणि तिथे वायरिंग डायग्रामला पर्याय नाही.

कोडचा आकडा नीट वाचा

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड मिळतो. आता ब्लूटूथचा छोटा डोंगल आणि मोबाइलवरचं अॅप यांनीही काम भागतं. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत ‘बँक १’ एवढीच बँक, म्हणजे सिलिंडरची एकच रांग, असते. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, गॅरेजच्या भाषेत कॅटकॉनच्या, आधीचा तो सेन्सर १ आणि नंतरचा तो सेन्सर २.

पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, पी०१४१ म्हणजे मागच्याच्या. हे दोन्ही कोड एकाच दिवशी आले तर थांबा. दोन सेन्सरचे हीटर एकाच वेळी जळणं जवळपास अशक्य. बऱ्याच गाड्यांत दोघांना एकाच फ्यूजमधून वीज मिळते, आणि उडालेला असतो तो फ्यूज. तो काही रुपयांना मिळतो.

पी०१३१ म्हणजे व्होल्टेज खाली अडकलंय, पी०१३२ म्हणजे वर अडकलंय. पी०१३४ म्हणजे सेन्सर काहीच हालचाल करत नाही. या तिन्हींमागे वायर असू शकते, सेन्सर असू शकतो, पहिल्या दोघांत खरोखर बिघडलेलं मिश्रणही असू शकतं. पी०१३३ मात्र वेगळा: सेन्सर बोलतोय, पण सावकाश. पाइपाला गळती नसेल तर हा कोड आल्यावर मी आधी सेन्सरच्या वयाकडे बघेन. म्हातारा सेन्सर असाच मंदावतो.

पी०१७१, म्हणजे मिश्रण फार लीन, आणि पी०१७२, म्हणजे फार रिच, हे सेन्सरचे कोड नाहीतच. ते आमटीचे कोड आहेत. तरीही ते बघून सेन्सर बदलणारे आहेत.

‘मग इथेनॉलचा काहीच दोष नाही?’

आहे, पण लोक समजतात तिथे नाही. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, वजनाच्या जवळपास ३५ टक्के. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या एका किलोला १४.७ ऐवजी साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. उलटं सांगायचं तर तेवढ्याच हवेत थोडं जास्त इंधन सोडावं लागतं. सेन्सर हे ओळखतो आणि ईसीएम भर घालतो. या भरीला फ्युएल ट्रिम म्हणतात, अॅपवर ती टक्क्यांत दिसते. १० टक्के इथेनॉलसाठी बनलेल्या गाडीत ही भर चार-पाच टक्क्यांनी वाढेल, आणि हे ईसीएमच्या सहज आवाक्यातलं आहे.

आता अशी गाडी घ्या, जिचे इंजेक्टर आधीच घाण झालेत किंवा जिच्या इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, रबरी नळीला चीर गेलीय. तिचा ट्रिम आधीच +१८ टक्क्यांवर होता आणि कोणाला पत्ता नव्हता. तिला या पेट्रोलने हद्दीपलीकडे ढकललं आणि पी०१७१ चा दिवा लागला. दुखणं जुनंच होतं, इथेनॉलने ते चव्हाट्यावर आणलं. पण पी०१३५? तो विजेचा मामला. टाकीत काय भरलंय हे हीटरच्या वायरीला कळत नाही. जुन्या गाड्यांतल्या रबरी सीलांचा आणि नळ्यांचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा विषय.

तपासणी: काहीही खोलण्याआधी

पहिली विनंती: कोड लगेच उडवू नका. ‘क्लिअर करून बघू, परत आला तर बघू’ हे सगळ्या गॅरेजांचं आवडतं वाक्य आहे. कोडसोबत ईसीएम त्या क्षणाची नोंद ठेवतो. इंजिन किती गरम होतं, वेग किती, आरपीएम किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष थंड इंजिनावर आला की हायवेवर, हे तिथे लिहिलेलं असतं. कोड उडवला की तीही पुसली जाते.

मग नुसतं बघा, इंजिन थंड असताना. पुढच्या सेन्सरची वायर तापलेल्या मॅनिफोल्डशेजारून जाते. तिची क्लिप निघाली की ती पाइपाला टेकते आणि वरचं आवरण वितळतं. मागचा सेन्सर गाडीच्या पोटाखाली असतो, खडी आणि पाणी झेलत. पावसाळ्यानंतर कोकणपट्टीतल्या गाडीचं कपलर उघडून बघावं: एखाद्या पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तपास अर्धा झाला. उंदरांबद्दल वेगळं काय सांगायचं? सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या गाडीचं बॉनेट उघडून बघा.

मल्टीमीटर घेऊन

आधी हीटर. कपलर सोडवा, चावी ऑन करा. ईसीएमच्या बाजूच्या कपलरमध्ये हीटरच्या एका पिनेवर बॅटरीएवढे, म्हणजे साधारण १२ व्होल्ट मिळायला हवेत. काही गाड्यांत ते इंजिन सुरू झाल्यावरच येतात. नसतील तर फ्यूज, रिले आणि वायर बघा, सेन्सरला हात लावू नका. व्होल्ट असतील तर सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. थंड असताना तो सहसा दोन-तीन ते पंधराएक ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटलीय. आता सेन्सर खुशाल बदला. ओहममध्ये मोजायचं ते फक्त हीटरच्या वायरींवर. सिग्नलच्या वायरींवर ओहमचा मीटर लावू नये.

आता सिग्नल, आणि ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तीत वाद उरत नाही. बऱ्याच गाड्यांत कपलर सोडवलेला असताना ईसीएम सिग्नलच्या वायरीवर स्वतःच ०.४५ च्या आसपास व्होल्ट ठेवतो. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर सुटा, आणि अॅपवर सेन्सर १ चा आकडा उघडा. ०.४५ दिसतोय? ठीक. अशा गाडीत ०.०० दिसत असेल तर सिग्नलची वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय. सेन्सर जोडलेलाच नाही, त्यामुळे त्याला दोष देण्याचा प्रश्नच मिटला. एक व्होल्टच्या वर दिसत असेल तर शेजारून जाणाऱ्या हीटरच्या वायरीतले १२ व्होल्ट सिग्नलमध्ये झिरपताहेत.

०.४५ दिसत असेल तर ईसीएमच्या बाजूच्या कपलरमध्ये सिग्नलची पिन आणि सिग्नल-अर्थची पिन एका बारीक तारेने क्षणभर जोडा. अॅपवरचा आकडा शून्याजवळ आला तर ईसीएमपर्यंतच्या दोन्ही वायरी शाबूत आहेत, ईसीएमला ऐकूही येतंय, आणि संशय सेन्सरवर जातो. आकडा ढिम्म हलला नाही तर मधली वायर तुटलीय किंवा, क्वचित, ईसीएम गेलाय. नवा सेन्सर टाकून यातलं काहीही सुधारणार नाही. हे करताना ती तार चुकूनही १२ व्होल्टच्या पिनेला लागता कामा नये. पिनांची खात्री नसेल तर हा उद्योग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवा.

शेवटी कपलर जोडून इंजिन पूर्ण गरम करा, मोकळ्या जागेत. दोन-अडीच हजार आरपीएमवर आकडा दहा सेकंदांत पाच-सात वेळा तरी खाली-वर व्हायला हवा. स्वस्त डोंगल आकडे सावकाश दाखवतो, तेव्हा सेन्सर मंद आहे असं ठरवण्याची घाई नको. झटकन रेस केली की आकडा ०.८ च्या वर, आणि गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की ०.१ च्या खाली. हे दोन्ही झालं तर सेन्सर बरा आहे.

आणि तरीही दिवा अधूनमधून येत असेल तर वायर हलवून बघायची. एकाने अॅपवर नजर ठेवायची, दुसऱ्याने कपलरपासून सुरुवात करून वायरिंग वीतभर, वीतभर हलवत जायचं, तापलेल्या पाइपापासून हात सांभाळून. आकडा व्यवस्थित हेलकावत असतो, ०.७, ०.२, ०.८, आणि एका जागी बोट लागल्याबरोबर ०.४५ वर गोठतो. बोट सोडलं की पुन्हा सुरू. बाहेरून धड दिसणाऱ्या आवरणाच्या आत तांब्याच्या तारा तिथे तुटलेल्या असतात.

सीएनजीवाल्यांसाठी

बाहेरून किट बसवलेल्या गाडीत ओटू सेन्सरची सिग्नलची वायर सगळ्यात आधी बघावी. सीएनजीचं हवेशी प्रमाण पेट्रोलपेक्षा वेगळं, १७ च्या आसपास, म्हणून अनेक किट ओटू सेन्सरच्या सिग्नलला जोड देतात. जुन्या किटांत तर ती वायर कापून मध्ये इम्युलेटर बसवलेला असे, म्हणजे ईसीएमला खोटे हेलकावे दाखवणारी डबी. जोड नीट क्रिंप केलेला, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवलेला, असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. वायर सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळली असेल तर इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळतो, जोड सैल होतो. किट काढून गाडी पुन्हा पेट्रोलवर आणलेल्यांनी हे जोड शोधून काढावेत. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

‘तपासत बसण्यापेक्षा सरळ नवा टाकला तर?’

टाका, पण तो काय आहे ते बघून. स्वस्त ‘युनिव्हर्सल’ सेन्सरची वायर कापून जुन्या कपलरला जोडावी लागते. अनेक सेन्सरमध्ये टोपीच्या आतली हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच येते. तिथे सोल्डर केलं की हवेची वाट बंद. कपलरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारला तरी तोच धोका. नवा सेन्सर महिन्याभरात चुकीचे आकडे देऊ लागतो आणि लोक म्हणतात, डुप्लिकेट निघाला.

दुसरं, जुना सेन्सर मेला कशाने ते न बघता नवा टाकला तर तोही त्याच वाटेने जातो. टोकावर पांढरी पूड दिसली तर सिलिकॉन: कोणीतरी इंजिन उघडून चुकीचा सीलंट लावलाय. कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असेल तरी तसाच थर बसतो. सुकं काळं काजळ म्हणजे मिश्रण बराच काळ रिच होतं.

पी०४२०, म्हणजे कॅटकॉन नीट काम करत नसल्याचा कोड, बघून मागचा सेन्सर बदलण्याबद्दल एवढंच: मागच्याचं कामच कॅटकॉनवर नजर ठेवण्याचं. त्याचा आकडा साधारण स्थिर राहायला हवा. तो पुढच्यासारखाच नाचत असेल तर बहुतेक वेळा कॅटकॉन थकलाय.

आणि पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा, बहुतेकदा पाच-सहा वायरींचा, असेल तर वरचे ०.१ ते ०.९ चे आकडे त्याला लागू नाहीत. त्याचा निरोप व्होल्टेजमधून येत नाही, विजेच्या प्रवाहातून येतो. तो स्कॅनरवरच वाचावा.

‘गाडी तर मस्त चालतेय, मग कशाला?’

चालणारच. सेन्सरचा निरोप आला नाही तर ईसीएम ठरावीक तक्त्यावरून इंधन सोडतो आणि सहसा थोडं जास्तच सोडतो. ड्रायव्हरला कळतो तो फक्त उतरलेला एव्हरेज. जास्तीचं इंधन कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं, तो प्रमाणाबाहेर तापतो, आणि त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्याने त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. दिवा स्थिर असेल तर काही दिवस सवड आहे. तो लुकलुकत असेल तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर जाणं, जोरात आहे. तेव्हा गाडी रेटू नये.

दुरुस्तीनंतर

कोड स्कॅनरनेच काढा. बॅटरीची वायर सोडून काढला तर ईसीएमने शिकलेलं बाकीचंही पुसलं जातं आणि दोन दिवस गाडी रुसल्यासारखी चालते. कोड काढल्यावर ईसीएम एकेक तपासणी नव्याने करतो. हीटरची लवकर होते, कॅटकॉनची व्हायला शहरातलं आणि हायवेवरचं असं मिश्र ड्रायव्हिंग लागतं. बऱ्याच गाड्यांत तोच दोष सलग दोन फेऱ्यांत दिसला तरच दिवा लागतो. पहिल्या फेरीनंतर तो ‘पेंडिंग’ म्हणून फक्त स्कॅनरवर दिसतो. त्यामुळे गॅरेजमधून निघताना दिवा विझलेला असण्याला फारसा अर्थ नाही. दोन-तीन दिवस सकाळी थंड इंजिन सुरू करून गाडी वापरा आणि मग अॅपवर पेंडिंग कोडांची यादी उघडून बघा.